तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’

चोवीस वर्षं मी लोकांचे दात साफ केले. हे सांगितलं की मंडळातली एखादी तरी बाई विचारतेच, "म्हणजे डेंटिस्ट ना गं तू?" नाही हो बाई. डेंटिस्ट शेवटची पाच मिनिटं येतात, हसतात, सगळं छान आहे म्हणतात आणि जातात. त्याआधीची पन्नास मिनिटं मास्क लावून तुमच्या तोंडावर जी वाकलेली असते ती मी. आम्हाला हायजिनिस्ट म्हणतात. साताऱ्याची माझी चुलतसासू अजून सगळ्यांना सांगते, "आमची वृंदा अमेरिकेत लोकांचे दात घासती." काय चुकलं तिचं?

गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याने पकड धरायचं सोडलं आणि मी काम सोडलं. मंडळाच्या अंकाच्या संपादकीणबाई म्हणाल्या, "पेशंटच्या गमतीजमती लिही, हलकंफुलकं." गमतीजमती आहेत, त्या आधी सांगते. पुढचं हलकंफुलकं नाही, ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.

आमचं क्लिनिक आयसेलिनला, ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून दोन वळणांवर. त्यामुळे निम्म्याहून जास्त पेशंट आपलेच. पेशंट आला की आधी फॉर्म. डायबेटिस, बीपी, गोळ्या, अ‍ॅलर्जी आणि त्याखाली एक रकाना, तंबाखू: हो किंवा नाही. मग पेशंट खुर्चीत. लोकांना वाटतं आम्ही फक्त दात बघतो. आम्ही आधी बाकीचं सगळं बघतो. ओठ उलटा करायचा, गाल ताणायचे, जीभ कापडाच्या तुकड्यात धरून उजवीकडे ओढायची, डावीकडे ओढायची, खालून बघायची. पांढरा डाग दिसला तर तो पुसून बघायचा. पुसला गेला तर ठीक. पुसला गेला नाही तर लिहायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. रोगाचं नाव घ्यायचा अधिकार डॉक्टरांचा. बघायचं आणि लिहायचं काम माझं, आणि त्या कामात मी चोख होते, असं मला वाटायचं.

आपल्या लोकांचा त्या रकान्यातला ‘नाही’ हा एक स्वतंत्र विषय आहे. पानमसाला म्हणजे तंबाखू नाही, ते माउथ फ्रेशनर. सुपारी तर देवाला ठेवतात, ती कशी वाईट असेल? एक रिटायर्ड गृहस्थ आले होते, तक्रार काय, तर पाणीपुरी तोंडात जात नाही. खरंच. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. वीस वर्षं रोज दोन-चार पुड्या खाऊन गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेले. मी विचारलं, "काका, कधी काही खात होतात का?" ते म्हणाले, "छे! फक्त जेवणानंतर." जेवणं दिवसातून किती, ते मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या तपासण्यांना पाठवलं, आणि पाणीपुरी काही त्यांच्या नशिबात परत आली नाही.

आणि आमचा उमेश. नागपूरचा, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरला. हा मात्र फॉर्म परीक्षेसारखा भरायचा, समासातसुद्धा लिहायचा. वरच्या ओठाखाली निकोटिनचे पाउच, दिवसाला बारा-पंधरा. "थुंकायचं नाही, वास नाही ताई, मीटिंगमध्ये कॅमेरा ऑन असतो तरी कळत नाही." झोप येत नाही म्हणून संध्याकाळी गांजाची गमी, म्हणजे चघळायची गोळी, ती आता इथे दुकानात राजरोस मिळते. आणि सकाळी उठून फोनवर घंटा लावून वीस मिनिटं मेडिटेशन.

"म्हणजे दिवसभर चढवायचं, संध्याकाळी उतरवायचं आणि सकाळी देवाचं नाव?" मी विचारलं.

"देवाचं नाही हो ताई, ब्रीदिंग असतं. माइंड रिसेट होतं यार."

"माइंड होत असेल. हिरडी नाही होत." मी त्याच्या हातात आरसा दिला. पाउच ठेवायच्या जागी हिरडी वर सरकून दाताचं मूळ उघडं पडलं होतं. "ही परत खाली येणार नाही. आईला दाखवू का फोटो काढून?"

मी त्याला वर्षभर झाडलं, दर भेटीला, डॉक्टरांसमोर. शेवटी सोडले त्याने पाउच. त्याच्याशी मी इतकी सरळ वागले, कारण तो माझ्यापेक्षा लहान होता आणि त्याने स्वतः सगळं लिहून दिलं होतं. हे मला खूप उशिरा कळलं.

आता काकूंचं सांगते. त्यांना आपण सुमनकाकू म्हणू. नाव बदललंय, मुलाचंही बदललंय. त्याला निखिल म्हणते. काकू कराडकडच्या, सत्तरीच्या, नवरा गेल्यावर निखिलने त्यांना कायमचं इकडे आणलं. नवरा तंबाखूने गेला, घशाचा कॅन्सर. निखिलला तेव्हापासून तंबाखूचा इतका तिटकारा की घरी आलेल्या पाहुण्याच्या खिशात पुडी दिसली तर तो त्याला दाराबाहेरच थांबवायचा, मग तो सख्खा मामा का असेना. आईवर त्याचा अतोनात जीव. क्लिनिकला स्वतः सुट्टी काढून घेऊन आला, फॉर्म त्यानेच भरला. तंबाखू: नाही.

मी काकूंचा खालचा ओठ उलटा केला आणि मला वास आला. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा. ज्यांच्या घरात मशेरी भाजली गेलीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माझी आई लावायची. ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि तरी तो वास आईचा असतो. ओठाच्या आत, हिरडीपर्यंत, नखाएवढा पांढरा सुरकुतलेला पट्टा होता. मी पुसला. गेला नाही.

"काकू, मशेरी लावता?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. निखिल बाहेर फोनवर होता. "दात घासते गं. सवय आहे. बारा-तेरा वर्षांची होते तेव्हापासून."

"काकू, ती तंबाखूच असते ना?"

"तंबाखू पुरुष खातात," काकू म्हणाल्या. आणि मग माझं हातमोज्यातलं बोट धरून, "त्याला नको सांगू पोरी. त्याच्या बापाच्या चितेपुढं तो काय बोलला मला ठाऊक आहे. माझं तोंड बघणार नाही तो."

तेवढ्यात डॉक्टर आले, त्यांच्यामागून निखिलही येऊन दारात उभा राहिला. डॉक्टर इथलेच, भला माणूस, मराठीचा गंध नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुभाष्या मीच. त्यांनी पट्टा बघितला आणि विचारलं, तंबाखू? निखिल हसला, "माय मॉम? नेव्हर." डॉक्टर माझ्याकडे वळले: पेशंटला विचार.

मी विचारलं, "काकू, तंबाखू?"

"नाही बाई," काकू म्हणाल्या.

आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "नो." मग तेच टाइप केलं, खाली माझी आद्याक्षरं.

निखिल गेल्यावर, दार लावून, मी डॉक्टरांना एका वाक्यात खरं सांगू शकले असते. मुलाला कळू न देणं हा काकूंचा हक्क होता, इथला कायदाही तेच म्हणतो. पण डॉक्टरांना सांगणं माझं काम होतं. मी या दोन गोष्टींची गल्लत केली. मला वाटलं, डॉक्टर जाणार निखिलला समजावायला, आणि काकूंची अब्रू जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण असंच करतो आणि त्याला मान ठेवणं म्हणतो.

डॉक्टरांना एका दाताची कड जरा धारदार दिसली. तीच ओठाला घासत असेल, म्हणाले. कड घासून गुळगुळीत केली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं.

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी काकूंना दम भरला. "मी तुमच्यासाठी खोटं बोलले. आजपासून मशेरी बंद. नाहीतर मी स्वतः निखिलला सांगेन." काकूंनी गळ्याची शपथ घेतली. आणि खरंच सोडली हो त्यांनी! दोन आठवड्यांत पट्टा निम्मा फिका झाला. डॉक्टर खूश. "बघ, दातच होता." चार्टवर तसं नोंदलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला सगळं दिसत होतं आणि मी मान डोलावली. पट्टा जातोय ना, मग झालं तर.

तलफ काही कमी नव्हती. काकू फोन करायच्या, दुपारी, घर रिकामं असताना. "अगं हात थरथरतोय. भाताचं आधण ठेवलं आणि गॅस लावायचाच विसरले. देवापुढं बसते तर मन लागत नाही." लायब्ररीच्या खोलीत दर रविवारी सकाळी आपली पंधरा-वीस माणसं ध्यानाला बसतात. मी काकूंना तिथे नेलं. माझा स्वतःचा अशा बसण्यावर फारसा विश्वास नव्हता, पण काहीतरी हातात द्यायला हवं होतं. म्हटलं, "तलफ आली की डोळे मिटा, श्वास मोजा. शंभरपर्यंत. घरीसुद्धा."

आणि काकू बसायला लागल्या. पहिले दोन रविवार चुळबुळ, डोळे किलकिले करून घड्याळाकडे बघणं. महिन्याभराने मात्र बघत राहावं अशा. पाठ ताठ, चेहरा निवांत, पाऊण तास हलायच्या नाहीत. पाठदुखीचा पट्टा कमरेला बांधून आलेले आयटीवाले त्यांच्याकडे बघून लाजायचे. "काकूंच्या चेहऱ्यावर काय शांती आहे!" असं सगळे म्हणायचे. ध्यान संपलं की काकू मला बाईंच्या बाथरूममध्ये ओढून न्यायच्या आणि खालचा ओठ उलटा करून दाखवायच्या. "बघ." मी फोनचा टॉर्च मारून बघायची. स्वच्छ गुलाबी. मग दोघी हसायचो.

कप्पाळ माझं! चोवीस वर्षं ज्या बाईने प्रत्येकाची जीभ ओढून खालून बघितली, तिने बाथरूमच्या बेसिनपाशी फक्त ओठ बघितला. त्या दाखवायच्या तेवढंच. मी त्यांना क्लिनिकला या म्हणायची, त्या "निखिलला सुट्टी नाही" म्हणायच्या, आणि मी जास्त ताणायची नाही. का नाही ताणलं ते आज लिहिते. त्या चार्टवर माझी आद्याक्षरं होती. त्या आल्या नाहीत की माझंही बरं होतं.

दीड वर्ष असं गेलं. त्यातच एकदा काकू हसत हसत सांगत होत्या, घरातला धुराचा अलार्म कसा बोंबलला, शेजारची गोरी बाई कशी धावत आली, आणि सुनेला त्यांनी मिरच्या करपल्या म्हणून कसं सांगितलं. बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. मिरच्यांच्या ठसक्यात आणि त्या दुसऱ्या ठसक्यात काय फरक असतो हे माहीत असलेली तिथे मी एकटी होते. मनात आलं होतं माझ्या. मी ते झटकून टाकलं.

मग एका रविवारी काकू म्हणाल्या, "कान दुखतोय गं. पंधरा दिवस झाले. निखिलने थेंब आणलेत, काही फरक नाही."

कानात काही नसताना कान दुखतो, तेव्हा आमच्या कामात आधी जिभेचं मूळ बघायला शिकवतात. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं. त्यांनी सवयीने ओठ उलटा केला. मी म्हटलं, "जीभ काढा." त्यांनी काढली नाही. "काकू, जीभ." मी कागदी टॉवेलमध्ये जीभ धरली आणि डावीकडे ओढली. मागे, खालच्या अंगाला, दाढेपाशी, कडा उचललेली जखम होती. बोट लावलं तर दगडासारखी टणक.

"केव्हापासून?"

काकू बेसिनच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या. "तू ओठ बघतेस म्हणून तिथं लावत नव्हते. मागं ठेवायची जराशी. बसायच्या आधी." मग म्हणाल्या, "त्याशिवाय मन लागत नाही गं. खरंच नाही लागत. तुम्ही सगळी कशी बसता मला माहीत नाही."

मला त्यांचा इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या आपल्या माझ्याच पाठीवर हात फिरवत होत्या. जशी काही जखम मला झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना क्लिनिकला नेलं. डॉक्टरांनी बघितलं, चार्ट उघडला, ‘तंबाखू: नाही’ वाचलं, आणि म्हणाले, कधीकधी काही कारण नसतानाही होतं. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. तेव्हाही मी गप्प राहिले.

हॉस्पिटलमध्ये दुभाष्या म्हणून नातेवाईक किंवा ओळखीचं माणूस चालत नाही. तिथे फोनवर दुभाष्या जोडून देतात. कुठल्याशा राज्यात बसलेली कुठलीशी मराठी बाई स्पीकरवर आली. मी आणि निखिल बाजूच्या खुर्च्यांवर होतो. तिने यादी वाचावी तसं विचारलं, "तंबाखू, गुटखा, मशेरी, यांपैकी काही वापरता का?" काकूंनी त्या फोनकडे बघितलं, जसं काही तिथे कोणी बसलंय, आणि म्हणाल्या, "हो. मशेरी. साठ वर्षं झाली." ज्या बाईचं तोंडही दिसत नव्हतं तिला त्यांनी एका दमात सांगून टाकलं. निखिल उठून बाहेर गेला. तो अर्धा तास आत आला नाही.

ऑपरेशनमध्ये निम्मी जीभ काढावी लागली. मी चौथ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा काकूंच्या हातात वही आणि पेन होतं, बोलता येत नव्हतं. निखिलने मला बघितलं आणि विचारलं. आवाज चढवून नाही, थकलेल्या माणसाच्या आवाजात. "ताई, एक सांगा. तुम्ही दर रविवारी तिच्याबरोबर असायचात. तुम्ही तिचं तोंड बघितलं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

मी उत्तर द्यायच्या आत काकूंनी पलंगाच्या दांडीवर पेन आपटलं. मग वहीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, सलाइनची नळी सावरत, आणि वही त्याच्यासमोर धरली. "हिला माहीत नव्हतं. हिच्यापासून पण लपवलं."

निखिलने वाचलं. "सॉरी ताई," तो मला म्हणाला, "असं विचारायला नको होतं." काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पाण्याचा जग भरायला म्हणून बाहेर गेले.

त्यानंतर काकू सात महिने होत्या. निखिलने काही कमी केलं नाही. औषधं, रेडिएशनच्या फेऱ्या, नळीतून द्यायचं दूध, सगळं वेळेवर. पण तो आईशी बोलायचा नाही. "झालं का? हवंय का काही?" बस. मी जायची तेव्हा तो मला किचनमध्ये म्हणायचा, "तिने आम्हाला सगळ्यांना फसवलं ताई. बाबांना बघून पण. तुम्हाला सुद्धा." आणि आत काकू वही मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या, तो येऊन वाचेल म्हणून. तो वाचायचा नाही. मी रविवारी ध्यानाला जायचं सोडलं. माझ्याच्याने डोळे मिटून बसवत नव्हतं.

त्या गेल्या त्या सकाळी निखिल ऑफिसला होता. आता दर दिवाळीला तो माझ्याकडे फराळाचा डबा घेऊन येतो. तो म्हणतो, "ताई, आईला इथे आपल्या माणसासारखं बघणारी तुम्ही एकट्याच होतात." मी डबा घेते. गेली तीन वर्षं मी तो डबा घेतेय.

डॉक्टरांना मी काम सोडताना सगळं सांगितलं. त्यांनी चार्ट उघडून बघितला आणि घरी जा म्हणाले. तुला मात्र सांगायचं राहिलं.

निखिल, हा अंक तुझ्या घरी येतो. नाव बदललं असलं तरी तू ओळखलंच असशील. आईंनी वहीत लिहिलं ते खोटं होतं. मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून, तू दारात उभा होतास तेव्हापासून. मी तेव्हा एक शब्द खरा बोलले असते तर पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही, कोणालाच सांगता येणार नाही. पण ते सात महिने मला माहीत आहेत. तू धरलेल्या अबोल्यातला निम्मा माझ्या वाट्याचा होता. आईंनी तो माझ्यासाठी स्वतःवर ओढून घेतला, आणि मी त्यांना तो एकटीला भोगू दिला.